मखमलचा हात आणि दाढीचा शब्द

मखमलचं पाळण्यातलं नाव विचारलंत तर त्याच्या बायकोलाही क्षणभर आठवावं लागेल. तीस वर्षांपूर्वी एका खडूस गिऱ्हाइकाने दाढी झाल्यावर गालावरून हात फिरवला आणि वस्तरा होता की मखमल, असं विचारलं. तेव्हापासून नाव दुकानाच्या पाटीवरच राहिलं आणि माणसाचा मखमल झाला. बायको ओघानेच मखमलीण. ती घरी शिवणकाम करते, लोकांच्या विजारी आखूड करते आणि नवऱ्याला लांब दोरी देते. दुकानात दुसऱ्या खुर्चीमागे तिचा भाऊ उभा असतो. त्याला सगळे मेहुणाच म्हणतात, कारण टोपणनाव मिळावं असं काही त्याने अजून केलेलं नाही.

तर या मखमलचा उजवा हात सव्वा वर्षापासून हलायला लागला होता.

एरवी काही नसायचं. हात मांडीवर ठेवला की गरीब गाईसारखा पडून राही. पण काही धरून तो अधांतरी थांबवला की मनगटापासून बारीक थरथर सुरू व्हायची, आणि कुणाची नजर आहे असं वाटलं की दुप्पट. चमचा तोंडाशी नेताना, किल्ली कुलपात घालताना, आणि वस्तरा उचलून गालापाशी नेताना तर हमखास. मखमलने हे कुणाला सांगितलं नाही. त्याने एकेक करून गोष्टी बदलल्या. चहा अर्धा कपच मागायला लागला, पोट बिघडलंय म्हणून. सहीच्या जागी नुसता एक फराटा मारायला लागला. दुकानातल्या सगळ्या दाढ्या मेहुण्याकडे सोपवल्या आणि आपण केस कापायचं यंत्र धरलं. यंत्र मुळातच घुंईं करत थरथरतं, त्यात आणखी एक थरथर मिसळली तर कोण मोजायला बसलंय. मेहुण्याला वाटलं, दाजींनी आपल्यावर विश्वास टाकला. तो दोन महिने छाती काढून चालत होता.

वस्तरा उरला तो एकाच घरी. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सर राहायचे. सर म्हणजे कॉलेजात परक्या भाषा शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ, वय एकोणऐंशी, गुडघे कामातून गेलेले, दोन वर्षांत जिना उतरले नव्हते. घरात ते आणि त्यांची लेक. लेक शहर बस चालवते. पहाटे पाचला जाते, दुपारी येते, आणि सबंध रस्त्यात तिच्या बसला खरचटलेलं कुणी पाहिलं नाही. मंगळवारी आणि शनिवारी सकाळी मखमल आपली कातडी पिशवी घेऊन वर जायचा. दार लोटलेलंच असायचं. खिडकीपाशी लाकडी खुर्ची, खुर्चीच्या पाठीला बांधलेली उशी, स्टुलावर गरम पाण्याचं भांडं. सरांना मेहुणा नको होता, विजेवरचं यंत्र नको होतं. लेकीने वाढदिवसाला आणून दिलेलं असलं एक यंत्र खोक्यातून बाहेरही आलं नव्हतं. मखमल आहे तोवर मी त्या डबड्याला गाल लावणार नाही, असं ते म्हणायचे, आणि मखमलला ते ऐकून बरंही वाटायचं आणि हातातली पिशवी जडही लागायची.

बोलत्या माणसाची दाढी करायची नाही, हा धंद्यातला पहिला नियम. बोललं की जबडा हलतो, कातडी सरकते, पातं चुकतं. गिऱ्हाईक बोलायला लागलं की वस्तरा उचलायचा आणि त्याचं संपेपर्यंत थांबायचं. मखमलने तीस वर्षं या नियमावर बोलघेवड्या गिऱ्हाइकांना शिव्या घातल्या होत्या, मनातल्या मनात. एका मंगळवारी मात्र सरांच्या डाव्या कल्ल्यापाशी हात सुटला, पातं हवेत नाचायला लागलं, आणि त्याच्या तोंडून काहीतरी विचारायचं म्हणून निघून गेलं, "सर, तुमच्या त्या भाषांत दाढीला काय म्हणतात हो?"

सरांनी डोळे उघडले. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी असला प्रश्न विचारला नव्हता. गोळ्या घेतल्या का, पंखा वाढवू का, एवढेच प्रश्न वाट्याला येत होते. ते फेसाआडून बोलायला लागले ते पाच मिनिटं थांबेनात. बार्बा. मूळ लॅटिन. इटालियनमध्ये बार्बा, स्पॅनिशमध्ये बार्बा, पोर्तुगीजमध्ये तेच, फ्रेंचांनी शेपूट कापून बार्ब केलं. एका आईच्या पोटी आलेल्या या सगळ्या बहिणी, दोन हजार वर्षांत वेगवेगळ्या घरी नांदल्या, पण माहेरची दाढी कुणी टाकली नाही. मखमल मान डोलावत होता. त्याने कोपर खुर्चीच्या पाठीवर टेकवलं होतं, मनगट छातीशी घट्ट धरलं होतं. सर बार्बापाशी पूर्णविराम देईपर्यंत हात निवला होता. मग तीन सफाईदार फराटे, आणि कल्ला साफ.

तो जिना उतरला तेव्हा त्याच्या डोक्यात एकही भाषा नव्हती. उपाय सापडला, एवढंच होतं.

पुढे हे नित्याचं झालं. हाताला कंप आला की प्रश्न, प्रश्न संपला की फराटा. एका दाढीला साधारण पाच प्रश्न लागायचे. मखमल जिना चढतानाच ते जुळवून ठेवायचा. मग हनुवटीला काय म्हणतात? स्पॅनिशमध्ये हनुवटीलाही बार्बाच म्हणतात, सर सांगायचे, दाढी असो नसो. बिनदाढीच्या माणसाला काय म्हणतात? मग सर रुमानियनकडे वळायचे. तिथे पुरुष हाच शब्द दाढीवाला या अर्थाच्या जुन्या लॅटिन शब्दावरून आलाय, म्हणजे गुळगुळीत गालाचा बाप्यासुद्धा शब्दाने दाढीवालाच. मखमल म्हणाला, मग आमच्या धंद्याने त्या देशात किती जणांना पुरुषातून उठवलं असेल. सर एवढे हसले की वस्तरा पुरता लांब न्यावा लागला. इटालियन माणूस कंटाळला की काय दाढी आहे असं म्हणतो, हे ऐकून तर मखमलने आपली बाजू मांडली की कंटाळा दाढी ठेवल्याने येतो, करून घ्या म्हणावं. रानटी माणसाला बार्बेरियन म्हणतात तेही दाढीवरूनच ना, असं एकदा त्याने विचारलं तेव्हा सर तावातावाने उठू पाहत होते. तो शब्द ग्रीकांचा, परक्यांची भाषा त्यांना बरबर अशी ऐकू यायची म्हणून. दाढीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, आणि निम्मं जग आहे असं समजतं.

लेकीच्या हळूहळू लक्षात आलं की बाबा सोमवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पुस्तकं काढून बसतात. पुढे जाड अक्षरांत लिहिलेले कागद आले. मखमल शिकतोय, असं ते तिला सांगायचे. कॉलेजात शेवटची दहा वर्षं वर्गात चार डोकी असायची आणि त्यातलं एक झोपलेलं असायचं. हा गडी मात्र जागा असतो आणि हातात शस्त्र घेऊन उभा असतो.

मखमलला ते कागद घरी न्यावे लागायचे. कपाटात बारा झाले, मग वीस. मखमलीण विचारायची, परीक्षा कधी आहे? तो त्यातलं थोडंफार दुकानात ओतायचा. केस कापता कापता गिऱ्हाइकाला सांगायचा की इटलीच्या वरच्या अंगाला काही बोलींमध्ये काकालाच बार्बा म्हणतात, घरातला वडीलधारा दाढीवाला म्हणून. गिऱ्हाईक म्हणायचं, बरं, कानावरचे जरा बारीक करा.

एक गंमत मात्र झाली होती. तीन महिन्यांपूर्वी त्याने विचारलं होतं की दाढी येते पुरुषाला, मग आपल्याकडे ती दाढी, ती मिशी, असं बाईसारखं का? सर चमकले. तिकडेही तसंच, म्हणाले, बार्बा स्त्रीलिंगीच. काका या अर्थी वापरला तेवढाच तो पुरुष होतो. मग म्हणाले, हे का ते मला नीट सांगता येणार नाही, मखमल, तू चांगलं पकडलंस. त्या दिवशी ते दिवसभर खुशीत होते, असं लेक सांगत होती.

मग सरांच्या छातीत दुखलं. नऊ दिवस हॉस्पिटल झालं. परत आले ते निम्मे होऊन आले आणि सोबत रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आल्या. लेक स्वतः दुकानात आली, गणवेशातच. तिने मखमलला बाजूला घेतलं आणि समजावून सांगितलं की आता साधं खरचटलं तरी रक्त लवकर थांबणार नाही, फार जपावं लागेल. मी बाबांना म्हटलं आता यंत्राने करू, तर ऐकत नाहीत. काका, तुमचा हात आहे म्हणून मी निर्धास्त आहे.

सांगायची वेळ हीच होती. मखमलला ते कळतही होतं. त्याने तोंड उघडलं, आणि आरशात त्याला दुकान दिसलं. मेहुणा, दोन गिऱ्हाइकं, एकाच्या हातात पेपर, आणि तिघांचेही कान या बाजूला. तो म्हणाला, काळजी करू नकोस पोरी.

पुढचे चार मंगळवार आणि चार शनिवार त्याने काढले. प्रश्न पाचाचे नऊ झाले, दहा झाले. दाढीला तासभर लागायला लागला. सरांना वाटलं, शिष्याची भूक वाढली. ते थकलेले असायचे, दोन वाक्यांत धाप लागायची, तरी उत्तर अर्धवट सोडायचे नाहीत. मखमलला ते दिसायचं. खाली उतरताना त्याच्या शर्टाला पाठीवर घामाचा नकाशा असायचा.

पाचव्या मंगळवारी जबड्याखाली, गळ्याच्या जरा वर, पातं लागलं. सरांनी डोळे मिटलेले होते, ते एक अक्षर बोलत नव्हते. मखमलला वाटलं होतं की एवढा एक फराटा निघेल. गव्हाच्या दाण्याएवढी चीर. एरवी तुरटी फिरवली की संपलं असतं. पण रक्त फेसात उतरलं, गुलाबी झालं, टॉवेलवर आलं, दुसऱ्या टॉवेलवर आलं. मखमलने जखम दाबून धरली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिला. वीस मिनिटं. हात तेव्हा अजिबात हलला नाही. दाबून धरायला तो पक्का होता.

लेक त्या दिवशी सुट्टीवर होती. ती बाजारातून भाजी घेऊन आली आणि टॉवेल पाहून तिच्या हातातली पिशवी खाली बसली. मखमल खरं सांगायला वळला. त्याआधी सरच बोलले.

"मीच बोलत होतो गं. त्याने दोनदा गप्प बसा म्हटलं, मी ऐकलं नाही."

सर खोटं बोलले ते का, हे मखमलला समजलं नाही. माणसाला वाचवायला, की आपला तास वाचवायला? काही असो, मखमलने ते खोटं उचललं आणि खिशात टाकलं. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

लेक मात्र बस चालवणारी बाई. अपघात झाला की कारण काढून टाकायचं, एवढं तिला पक्कं माहीत. तिने तिथल्या तिथे फर्मान काढलं: यापुढे दाढी होईपर्यंत बाबांनी ब्र काढायचा नाही. आणि शनिवारी तिने पाळी बदलून घेतली, खोलीत समोर स्टूल टाकून स्वतः बसणार होती, बाबांच्या तोंडावर लक्ष ठेवायला.

ते चार दिवस मखमलने कसे काढले ते मखमलीणला विचारा. त्याने आजारी पडायचा विचार केला. गावाला जायचा विचार केला. अंघोळीच्या वेळी साबण लावलेल्या फुग्यावर वस्तरा चालवून पाहिला आणि तीन फुगे फोडले. तिसऱ्याला मखमलीण शिवणयंत्रावरून उठून आली. शनिवारी सकाळी तिने चहा दिला तो अर्धा कपच होता.

"मी आठ महिने न विचारता अर्धा कप देतेय," ती म्हणाली. "तुम्ही मला सांगाल म्हणून वाट बघतेय. आता मला नका सांगू. वर जाऊन सांगा."

तो वर गेला. लेक स्टुलावर बसलेली होती, गुडघ्यावर हात ठेवून, सिग्नलला थांबल्यासारखी. सरांनी ओठ मिटून त्याच्याकडे पाहिलं आणि भुवई उडवली, म्हणजे बघ काय दिवस आलेत. बाजूच्या टेबलावर नवा कागद तयार होता. मखमलने गळ्याभोवती कापड बांधलं, ब्रश घोळवला, फेस चढवला. फेसापर्यंत हात शहाण्यासारखा वागला. मग त्याने वस्तरा उघडला. उजवा गाल वरच्या वर उरकला. तिथे हाड आहे, सपाट आहे. पातं गळ्याकडे वळवलं आणि हात सुटला.

विचारायची सोय उरली नव्हती. लेक बाबांच्या ओठांकडे बघत होती. सर मखमलच्या डोळ्यांकडे बघत होते. पात्याकडे कुणीच बघत नव्हतं. तो एकटाच बघत होता. मागच्या मंगळवारची खपली तिथेच होती, फेसातून डोकावणारी.

मखमलने वस्तरा मिटला आणि स्टुलावरच्या टॉवेलवर ठेवला.

"हात माझा हलला होता. सर हलले नव्हते, बोललेही नव्हते. वर्ष होऊन गेलं, हलतोय."

लेक स्टुलावरून उठली. मग एवढंच म्हणाली, "मी तुम्हाला गोळ्यांचं सांगायला दुकानात आले होते, काका." त्यात आवाज चढलेला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

इथे थांबला असता तरी चाललं असतं. पण एकदा बांध फुटल्यावर मखमल अर्ध्यावर राहीना. तो सरांना म्हणाला की मी प्रश्न विचारायचो ते हात थांबावा म्हणून. तुम्ही बोलत असायचात तेवढा वेळ मला हात धरून उभं राहता यायचं.

सरांच्या गालावरचा फेस सुकून त्याला भेगा पडायला लागल्या होत्या. त्यांनी कापडाखालून हात बाहेर काढला आणि स्वतःच टॉवेलने अर्धा चेहरा पुसला. एका बाजूला गुळगुळीत, एका बाजूला चार दिवसांचे पांढरे खुंट. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "आणि दाढी बाईसारखी का, तो प्रश्न विचारलास? तोही हातासाठीच?"

नाही म्हणायला काय लागत होतं. तोंडावर आलंच होतं. पण मखमलने खरोखर आठवून पाहिलं. त्या दिवशीची खिडकी आठवली, पाण्याची वाफ आठवली. हात त्या वेळी हलत होता की नव्हता, हे काही केल्या आठवेना.

"आठवत नाही, सर."

सरांनी मान हलवली. टेबलावरच्या कागदाला त्यांनी दोन घड्या घातल्या आणि त्यावर चष्मा ठेवला. लेकीने दार उघडून धरलं.

मंगळवारी मखमल पिशवी न घेता वर गेला. लेक दारातच म्हणाली, बाबा झोपलेत. आतून खोकल्याचा आवाज आला, चांगला जागा खोकला. दोघांनीही तो ऐकला आणि दोघांनीही ऐकला नाही असं केलं. शनिवारी तो गेलाच नाही.

सर डबड्याला गाल लावेनात ते लावेनातच. दाढी वाढायला लागली. तीन आठवड्यांत ती हनुवटीखाली लोंबायला लागली, पिवळट पांढरी, एका बाजूला जरा मागे राहिलेली. सकाळी ते खिडकीत बसले की समोरच्या सगळ्या गॅलऱ्यांना दिसायचे. आता गॅलऱ्यांचं काम काय, तर अर्थ लावणं. पहिल्या आठवड्यात म्हातारा विरक्त झाला म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात लेकीकडे बोट वळलं. बापाची दाढी करायला वेळ नाही, बसमध्ये मात्र आठ तास बसायला आहे. न्हाव्याला तिनेच हाकलला म्हणे. आंघोळ तरी घालते की नाही कोण जाणे. तिसऱ्या मजल्यावर तिचा गणवेश वाळत पडला तरी त्यातून लोक निष्कर्ष काढत.

हे सगळं फिरत फिरत जिथे यायचं तिथेच आलं, मखमलच्या दुकानात. शुक्रवारी दुपारी बाकावर चौघं बसलेले, मेहुण्याच्या खुर्चीत एक फेसात, मखमलच्या खुर्चीत पाणपोईसमोरचा चाव्या बनवणारा, डोक्याची उजवी बाजू भादरून झालेली, डावी शिल्लक. बाकावरच्या एकाने विषय काढला. दुसऱ्याने सांगितलं की त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, म्हाताऱ्याच्या दाढीत अन्न अडकलेलं होतं. तिसऱ्याने मखमलला साक्षीला ओढलं. "तुम्हाला तर ठाऊकच असणार. कशी वागवते हो ती त्यांना?"

मखमलने यंत्र बंद केलं. दुकानात किती आवाज होता ते तो बंद झाल्यावर कळलं. आरशात सगळे होते. त्याने उजवा हात उचलला, बोटं पसरून, यंत्र बाजूला ठेवून, नुसता. तो खांद्याएवढा उंच धरला आणि थांबला. हात लगेच सुरू झाला. एवढी माणसं बघत होती, मग काय विचारता. कागदासारखा फडफडत होता.

"ती बापाला फुलासारखी जपते," तो म्हणाला. "मी कापलं त्यांना. गळ्यावर. या हाताने."

मेहुण्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर जिथे होता तिथे थांबला, आणि जुनी सवय म्हणून त्याने तो उचलून घेतला. बाकावरचा एक जण चप्पल शोधायला लागला. आपल्याला काहीतरी काम होतं असं म्हणत तो गेला. दुसरा पेपरमागे गेला. मखमल हात खाली घेईना. दाखवायचंच तर पुरतं दाखवावं, असं त्याच्या मनात असावं, किंवा खाली कसा घ्यायचा हे त्याला सुचत नसावं.

खुर्चीतला चाव्या बनवणारा आरशात पाहत होता. आधी हाताकडे, मग स्वतःच्या डोक्याकडे. अर्धं डोकं कापलेला माणूस जाणार कुठे. तो म्हणाला, "मशीनने कापतं का?"

"नाही," मखमल म्हणाला. "दात आहेत त्याला, कातडीला लागत नाही."

"मग उरलेलं उरका. मला दुकान उघडायचंय."

मखमलने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, यंत्र उचललं आणि सुरू केलं.